आईचा रिपोर्ट निगेटिव्ह, मुलीचा पॉझिटिव्ह. मग ३२४३ चा बदल आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. दांडिया बाजारात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका ताईंना बाळंतपणात साखर निघाली, ती नंतर गेलीच नाही. वजन ४४ किलो. हल्ली फोनवरचं नीट ऐकू येत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी जनुकचाचणी करवली, तिच्यात ‘एमटी-टीएल१, एम.३२४३ए>जी, हेटरोप्लाझ्मी १४ टक्के’ असं आलं. आई ६१ वर्षांची, पस्तिशीपासून मधुमेह, दोन्ही कानांना मशीन. पण आईचा रिपोर्ट निगेटिव्ह. मामा चाळिशीत आकड्या आणि ‘लकव्या’ने गेले. ताई विचारतात: लॅबची चूक झाली का? १४ टक्के म्हणजे थोडंच ना? भावाचं लग्न ठरतंय, तिकडे सांगावं लागेल का? मुलगी आठ वर्षांची आहे, तिचीही चाचणी करून टाकू का?

मी बडोद्यात मधुमेहाची प्रॅक्टिस करतो, जनुकशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण हा बदल असलेली माणसं सगळ्यात आधी येतात ती आमच्याचकडे, कारण सुरुवात साखरेने होते. तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

आधी आईचा रिपोर्ट, कारण सगळा घोळ तिथे आहे. लॅबची चूक असेलच असं नाही. तुमची चाचणी नव्या पद्धतीची आहे, तिला दोन-चार टक्केही दिसतात. आईची चाचणी कोणत्या पद्धतीने केली ते रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचा. ‘सँगर’ लिहिलेलं असेल तर त्या पद्धतीला पंधरा-वीस टक्क्यांच्या खालचं सहसा दिसतच नाही. तिथे ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नसतो.

आता आईच्या रक्तात ते इतकं कमी का असावं? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भट्ट्यांना, स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि एका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. तुमच्या काही प्रतींत ३२४३ क्रमांकाच्या जागी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ आहे, बाकीच्या प्रती ठीक आहेत. बिघडलेल्यांचा वाटा म्हणजे ती हेटरोप्लाझ्मी. रक्त सतत नवं बनत असतं. ज्या मूळ पेशींत बिघडलेल्या प्रती जास्त, त्या या शर्यतीत मागे पडतात आणि चांगल्या पेशी पुढे जातात. त्यामुळे रक्तातला वाटा वयाबरोबर उतरत जातो, दर वर्षी असेल त्याच्या साधारण सव्वादोन टक्क्यांनी. स्नायू, मेंदू, हृदय यांच्या पेशी अशा बदलत नाहीत, तिथला वाटा बराचसा जिथल्या तिथे राहतो.

यासाठी वयाची भरपाई करणारं एक सूत्र २०१८ पासून वापरात आहे: रक्तातले टक्के भागिले ०.९७७ चा (वय अधिक १२) वा घात. तुमचे १४ टक्के वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. भरपाई केली की ते ४३ च्या आसपास जातात. आईच्या रक्तात आज समजा ८ टक्के असतील, तर एकसष्टाव्या वर्षाचा हिशेब लावून तेही ४३-४४ च होतात. म्हणजे मायलेकींचा वाटा सारखा असूनही एकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि दुसरीचा निगेटिव्ह येऊ शकतो. ‘१४ म्हणजे थोडंच’ या समजुतीचा निकालही यातच लागतो. रक्तातला आकडा वय विचारल्याशिवाय वाचायचाच नाही.

आईचं रक्त पुन्हा काढू नका. सकाळची पहिली लघवी द्या, भरपूर द्या, पन्नास मिली तरी. तिच्यात मूत्रमार्गाच्या सुटलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यातला वाटा रक्तासारखा घसरत नाही. मात्र लॅबला आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी लघवी म्हटलं की मुलगा नेहमीची डबी घेतो आणि नमुना दुपारपर्यंत टेबलावर पडून राहतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात तोवर त्या पेशी खराब होतात. नमुना थंड राहायला हवा आणि त्याच दिवशी पुढे जायला हवा.

आता हे जनुक करतं काय. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. १९८१ मध्ये तो पूर्ण वाचला गेला. त्यात ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २ रायबोझोमच्या (प्रथिनं जुळवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएची, उरलेली २२ टीआरएनएची. पंगतीत वाढपी असतात ना, वरणवाला वेगळा, भाजीवाला वेगळा, तसे हे २२ टीआरएनए. प्रत्येकाकडे एकच अमिनो आम्ल, आणि साच्यावरची तीन अक्षरं वाचून ते योग्य जागी ठेवायचं. एमटी-टीएल१ हे ल्युसिन आणणाऱ्या एका टीआरएनएचं जनुक. ‘यूयूए’ आणि ‘यूयूजी’ या दोन त्रिकुटांवर त्याने ल्युसिन ठेवायचं असतं. त्रिकुट नीट वाचता यावं म्हणून या टीआरएनएच्या वाचणाऱ्या टोकाला टॉरिन नावाच्या एका छोट्या रेणूची जोडणी लागते. ३२४३ च्या बदलात ती जोडणी होत नाही. मग ‘यूयूजी’ वाचताना तो अडखळतो आणि ज्या प्रथिनांच्या साच्यात ‘यूयूजी’ जास्त, ती कमी तयार होतात. ‘एनडी६’ त्यांतलं ठळक. ते श्वसनसाखळीतल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतल्या, पहिल्या संकुलाचा भाग आहे, म्हणून मार पहिल्या संकुलावर जास्त बसतो. हे सगळं सांगण्याचं कारण मेटफॉर्मिन. ते पुढे येतंच.

साखर आणि कान हेच दोन का? स्वादुपिंडाच्या बीटा पेशीला रक्तात साखर वाढल्याचं कळतं ते स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियांनी बनवलेल्या एटीपीमुळे, म्हणजे पेशीच्या इंधनामुळे. एटीपी वाढला की एक पोटॅशियमचं दार बंद होतं आणि इन्सुलिन सुटतं. एटीपीच कमी पडला, तर साखर डोक्यावरून वाहत असली तरी पेशी गप्प. म्हणून हा मधुमेह किडकिडीत माणसांत, पोट सुटलेलं नसताना, तिशी-चाळिशीत येतो आणि गोळ्यांवरून इन्सुलिनवर लवकर जातो. आतल्या कानात विद्युतभार टिकवून ठेवणारा पडदा अहोरात्र ऊर्जा खातो, तोही याच कारणाने दमतो. उंच स्वर आधी जातात. फोन, कुकरची शिट्टी, लहान मुलांचं बोलणं. या जोडीला ‘आईकडून येणारा मधुमेह आणि बहिरेपणा’ असं नाव १९९२ मध्ये मिळालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९० मध्ये, जपानी संशोधकांनी हाच बदल ‘मेलास’ नावाच्या कितीतरी गंभीर आजारात शोधला होता. बदल एकच, पण एकाला नुसती साखर होते आणि दुसऱ्याच्या मेंदूवर झटके येतात. कोणत्या अवयवात किती वाटा गेला यावर ते पुष्कळसं ठरतं.

घाबरण्याआधी हेही ऐका. ऑस्ट्रेलियात सर्वसामान्य प्रौढांच्या एका पाहणीत साधारण ४०० माणसांमागे एकाच्या अंगात हा बदल सापडला. बदल अंगात असूनही अनेकांना गंभीर असं काही होत नाही.

तरी मामांची गोष्ट मी हलकी घेणार नाही. चाळिशीत आकड्या आणि लकवा, घरात हा बदल, म्हणजे ते मेलास असण्याची शक्यता दाट आहे. वाड्यात कुठे कपाटावर त्यांच्या एमआरआयच्या फिल्म पडल्या असतील तर शोधा. मेंदूच्या नेहमीच्या पक्षाघातात एखादी रक्तवाहिनी तुंबते आणि तिच्या हद्दीतलाच भाग मरतो. मेलासचे डाग अशा हद्दी पाळत नाहीत. ते बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या भागात असतात, आणि पुढच्या स्कॅनमध्ये एक जागा निवळलेली व दुसरी उठलेली दिसते. चांगल्या न्यूरोलॉजिस्टला जुनी फिल्मही पुरते. तुमच्यापैकी कोणालाही अर्धशिशीसारखं जबर डोकं दुखून ओकाऱ्या झाल्या, एका बाजूचं दिसेनासं झालं किंवा आकडी आली, तर थेट मोठ्या इस्पितळात जा आणि दारातच ‘मेलासची शक्यता आहे’ हे शब्द उच्चारा. अशा वेळी शिरेतून आर्जिनिन हे अमिनो आम्ल देण्याची पद्धत आहे. आकडीसाठी व्हॅल्प्रोएट सोडून दुसरं औषध निवडतात.

आता मेटफॉर्मिन. आई ते घेत असणार, जवळजवळ सगळेच घेतात आणि बाकीच्यांसाठी ते उत्तम औषध आहे. पण मेटफॉर्मिन पहिल्या संकुलाचंच काम मंदावतं. आधीच अर्धवट चालणाऱ्या संकुलावर आणखी ओझं नको, रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका वाढतो. म्हणून या बदलात आम्ही ते टाळतो. याचा अर्थ उद्या सकाळी गोळी फेकून द्या असा नाही. अचानक सगळं बंद केलं की साखर चारशेवर जाते आणि मग वेगळीच धावपळ होते. या आठवड्यात आईला तिच्या डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट दाखवा आणि बदली औषध लिहून घ्या. सुरुवातीच्या काळात ग्लिमेपिराइडच्या जातीतली औषधं कमी मात्रेत चालतात, पुढे इन्सुलिन. लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्या, ग्लिफ्लोझिन नावाने संपणाऱ्या, इतक्या बारीक आणि इन्सुलिन कमी असलेल्या माणसाला देताना मी कचरतो. कीटोन वाढून माणूस आडवा होतो.

लॅक्टेट, म्हणजे रक्तातलं तेच लॅक्टिक आम्ल, तपासायला सांगतील तेव्हा रक्त कसं काढतात तिकडे लक्ष ठेवा. हाताला पट्टा आवळून, मूठ उघड-मीट करायला लावून काढलेल्या रक्तात लॅक्टेट खोटंच वाढलेलं येतं. पट्ट्याशिवाय किंवा पट्टा सोडून, करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात ठेवून लगेच मशीनवर. हे एवढं जमत नसेल तर ती तपासणी न केलेली बरी. निष्कारण घाबरवणारा आकडा हातात येतो.

उपासाचं तर मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक घरात यावरून वाद होतात. हरतालिकेचा निर्जळी उपास तुम्ही दोघींनी करायचा नाही. नवरात्रात दिवसभर साबुदाण्याच्या दोन घासांवर राहून रात्री बारापर्यंत गरबा, हे तर आपल्या गावात रुजलेलं. गरबा खेळा, हरकत नाही, चालणं-नाचणं या आजारात चांगलंच. पण पोटात अन्न हवं, पाणी हवं, आणि ताप किंवा जुलाब असतील तर घरी बसा. लॅक्टिक आम्लाचे आणि मेंदूचे झटके पुष्कळदा आजारपण, उपाशीपणा आणि निर्जलीकरण एकत्र आल्यावर उठतात. देवाला नारळ द्या, शरीराला जेवण.

औषधांचा आणखी एक मुद्दा, जो बहुतेक रिपोर्टांत लिहिलेला नसतो. मायटोकॉन्ड्रियाचं रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमशी मिळतंजुळतं असतं. त्यामुळे जिवाणूंचं प्रथिन बनणं थांबवणारी काही अँटिबायोटिक्स इथेही हात घालतात. लिनेझोलिड बरेच दिवस चाललं तर लॅक्टेट वाढवतं. क्षयरोगात ते आता सर्रास वापरतात, म्हणून लक्षात ठेवा. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही कानाला मारक. त्यांचं खास वैर १५५५ क्रमांकाच्या दुसऱ्याच बदलाशी आहे. तो रायबोझोमच्या आरएनएत असतो आणि त्या माणसाला दोन-चार इंजेक्शनांतही ठार बहिरेपण येऊ शकतं. तुमचा बदल तो नाही. पण ज्याचे कान आधीच उणे आहेत त्याला दुसरा पर्याय असताना ही इंजेक्शनं का द्यावीत? एका कार्डावर आजाराचं नाव, टाळायची औषधं आणि ‘भूल देण्याआधी कळवा’ एवढं लिहून पर्समध्ये ठेवा.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. वर्षातून एकदा ईसीजी आणि इको, कारण हृदयाच्या भिंती जाड होतात आणि ठोक्यांची वाट बिघडते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि डॉक्टरांना बदलाचं नाव सांगून, कारण इथे मधुमेहाचे नेहमीचे डाग नसून मॅक्युलाभोवती, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाभोवती, वेगळीच नक्षी दिसते. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन. मूत्रपिंड इथे स्वतंत्रपणेही बिघडतं आणि सगळं खापर साखरेवर फुटतं. जुनाट बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा, लाजू नका. कानाचा आलेख दर वर्षी. मशीनने भागेनासं झालं तर कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) या आजारात चांगलं चालतं, कारण बिघाड कानात असतो आणि पुढची नस बहुधा शाबूत असते. आईच्या बाबतीत हे आत्तापासून डोक्यात असू द्या.

को-एन्झाइम क्यू-१० आणि जीवनसत्त्वांच्या महागड्या पुड्या कोणी ना कोणी सुचवेल. ठोस पुरावा नाही. घ्यायच्या तर घ्या, पण इन्सुलिनचे पैसे त्यात घालू नका. टॉरिनची गोष्ट थोडी निराळी. ती जोडणीच होत नाही, हे वर सांगितलं. जपानने २०१९ मध्ये मेलासचे झटके टाळण्यासाठी मोठ्या मात्रेतलं टॉरिन मंजूर केलं. पण त्यामागची चाचणी दहा रुग्णांची होती आणि ते सगळे वारंवार झटके येणारे होते. तुम्हाला आज त्याची गरज नाही, आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्यातलं टॉरिन म्हणजे औषध नव्हे.

रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘एलएआरएस२, अनिश्चित महत्त्वाचा बदल, एक प्रत’ असं काही असेल तर त्यावर झोप उडवू नका. ते जनुक केंद्रकातलं. याच टीआरएनएवर ल्युसिन चढवणाऱ्या विकराचं. त्याचा आजार व्हायला दोन्ही प्रती, आईची आणि वडिलांची, बिघडलेल्या लागतात.

आता भावाचं लग्न. मायटोकॉन्ड्रिया मुलाला मिळतात त्या आईच्या बीजांडातून. वडिलांच्या बाजूने हा बदल पुढे जात नाही. भावाला स्वतःला साखर किंवा कानाचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्याने तपासणी करावी आणि जिच्याशी लग्न करायचं तिला स्वतःबद्दल मोकळेपणाने सांगावं. पण त्याच्या मुलांना हे त्याच्याकडून जाणार नाही. ‘आनुवंशिक आहे’ एवढंच कानावर पडलं की मुलीकडचे मागे सरतात, म्हणून पुढचं अर्धं वाक्यही त्यांच्यापर्यंत पोचवा. हवं तर डॉक्टरांना समोर बसवून.

उलट ज्यांना सांगायलाच हवं त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. आपल्याकडे गायकवाडी चाकरीसाठी आलेल्या जुन्या घरांतून वंशावळी मोठ्या निगुतीने जपलेल्या असतात. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेकी एक तर नसतातच, किंवा ‘कन्या दोन’ एवढी नोंद. या आजाराला ती वंशावळ कुचकामी आहे. कागद घ्या आणि आजीपासून खाली फक्त बायकांच्या वाटेने उतरा. आई, मावश्या, मावश्यांच्या मुली आणि मुलगे, मावसबहिणींची मुलं. मामांची मुलं यात येत नाहीत, मामा स्वतः येतात. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: साखर कोणत्या वयात, कान, आकडी, उंची. लग्न होऊन इंदूरला, पुण्याला गेलेल्या मावश्यांकडे फोन करावे लागतील. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. एकेकीशी बोला, थोरल्या मावशीपासून सुरुवात करा.

मुलीची चाचणी? माझं मत, आत्ता नको. ती खेळते, शाळेत जाते, वाढतेय, ऐकू येतंय, तोवर नुसता आकडा हाती येऊन काही बदलत नाही. उलट घर तिच्याकडे आजारी म्हणून बघू लागतं. दुसरं म्हणजे तुमच्या आकड्यावरून तिचा काढता येत नाही. बीजांड तयार होताना डीएनएच्या मोजक्याच प्रती पुढे जातात, त्यामुळे एकाच आईच्या दोन मुलांत वाटा फार वेगळा येतो. वर्षातून एकदा तिची उंची, वजन आणि कान बघा. वाढ खुंटली, लवकर दमायला लागली, ओकाऱ्यांसह डोकेदुखी सुरू झाली तर लगेच तपासा. आणि शाळेतल्या उन्हाळी शिबिरात उपाशी पळवणार असतील तर डबा जास्त द्या. एवढं बदल न सापडलेल्या मुलीसाठीही चालण्यासारखं आहे.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर गर्भधारणेआधी जनुक-सल्लागाराकडे जा. गर्भ रुजवण्याआधी त्यातला वाटा मोजून निवडता येतो. दात्या स्त्रीचं बीजांड घेतलं तर प्रश्नच मिटतो. ब्रिटनने २०१५ मध्ये दुसऱ्या स्त्रीच्या मायटोकॉन्ड्रिया वापरण्याला कायद्याने परवानगी दिली आणि २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी त्या पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. त्या बातमीवर आपला बेत आखू नका.

मावश्यांना फोन कराल तेव्हा एवढं जोडून सांगा: साठीच्या पुढच्या कोणीही रक्ताच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत, सकाळची लघवीच द्यावी. आणि जी मावशी सडसडीत आहे, मेटफॉर्मिन घेते आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवते, तिला पहिला फोन.